काशीस दरमहा रुपये चार

बडोद्याच्या दांडिया बाजारातला मामांचा वाडा बिल्डरला द्यायचं नक्की झालं, तेव्हा माळा रिकामा करायला आम्ही सगळी आते-मामेभावंडं जमलो. घंगाळ एकानं घेतलं, पाट दुसरीनं, समया वाटून झाल्या. शेवटी उरलं एक लाल खारव्याचं गाठोडं. सोडून पाहिलं तर आत कागदच कागद. लांबच लांब, घडीवर फाटत आलेले, आणि त्यांवर एकमेकांचे हात धरून पळत सुटलेली अक्षरं.

"मोडी आहे," मामी म्हणाल्या. "मामांच्या आजोबांचं दप्तर. ह्यांनाही कधी वाचता आलं नाही."

रद्दीत द्यायचं की विश्वामित्री नदीत सोडायचं, यावर थोडं बोलणं झालं. मी म्हटलं, मी नेते. कागदांची फार ओढ होती म्हणून नाही. त्या दिवसांत माझ्याकडे वेळच वेळ होता.

बँकेतून निवृत्त होऊन तीन महिने झाले होते. 1985 साली क्लार्क म्हणून लागले, 2022 च्या सप्टेंबरात अधिकारी म्हणून बाहेर पडले. सदतीस वर्षं. शाल मिळाली, नारळ मिळाला, चार जणांनी चांगलं भाषण केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच जाग आली आणि समोर नुसता दिवस पसरलेला. मुलगा पुण्याला. हे अजून एका कारखान्याच्या हिशेबाला जातात, ते साडेनऊला निघत. मग मी कमाटीबागेत जाऊन बसायची. ओळखीचं कोणी ना कोणी भेटायचंच, आणि पहिला प्रश्न ठरलेला, "आता काय करता?" मी म्हणायची, "आराम." तो शब्द उच्चारताना मला आतून फार वाईट वाटे. दमलेल्या माणसाला आराम. मी दमले नव्हते. माझं काय करायचं ते मला कळत नव्हतं.

गाठोडं महिनाभर कपाटावर पडून होतं. मग एका मैत्रिणीनं रावपुऱ्यातल्या एका गुरुजींचं नाव सांगितलं. वय एक्क्याऐंशी, शाळेत मराठी शिकवायचे, मोडी त्यांच्या वडिलांकडून शिकलेले. मी गाठोडं घेऊनच गेले. त्यांनी आधी गाठ नीट सोडली, घडी घातली आणि म्हणाले, "ह्याला गाठोडं म्हणू नका ताई. रुमाल म्हणा. दप्तरातले कागद रुमालात असतात." तिथून माझं शिक्षण सुरू झालं.

मोडी न शिकलेल्यांसाठी थोडं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. मोडीत शिरोरेघ अक्षरानंतर येत नाही, आधीच डावीकडून उजवीकडे सबंध ओळ आखून घेतात आणि अक्षरं तिला टांगत जातात. काना खालून वर चढतो आणि हात न उचलता पुढच्या अक्षरात शिरतो. लेखणी उचलायची नाही, वेळ मोडायचा नाही. कारकुनांची लिपी ती. शतकानुशतकं सगळा राज्यकारभार, हिशेब, सावकारी तिच्यात चालली. छापायला देवनागरी सोयीची पडली आणि मोडी मागे सरली, तरी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतून शिकवत होते. आपल्या आजोबा-पणजोबांचा हात तिच्यावर बसलेला होता, आणि दोनच पिढ्यांत आपल्याला घरचा कागद परका झाला.

आता अडचण. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नाही. दिन आणि दीन एकच, सुत आणि सूत एकच. अनुस्वार बहुतेक वेळा गाळलेला. विरामचिन्हं नाहीत. आणि शब्दांमध्ये जागा नाही, ओळ म्हणजे एक अखंड दोरी. गुरुजींनी पहिल्याच दिवशी पाटीवर लिहिलं, 'रामजीवनासगेला', आणि विचारलं, कोण कुठे गेलं? मी म्हटलं, रामजी वनास गेला. ते म्हणाले, "किंवा राम जीवनास गेला. जीवन म्हणजे पाणी. पाणी आणायला गेला. आता ठरवा." मागचं-पुढचं वाचल्याशिवाय ठरत नाही. 'ध'चा 'मा' झाल्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. मोडी शिकायला लागल्यावर ती गोष्ट मला पहिल्यांदा भीतिदायक वाटली.

गुरुजींची शिकवण्याची रीत चांगली होती. म्हणाले, आधी छापलेली जुनी पत्रं देवनागरीत भरपूर वाचा. पुढे काय येणार हे कानाला ठाऊक असलं की डोळ्याला अक्षर लागतं. म्हणून मी मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जायला लागले. लहानपणी आजोबांचं बोट धरून तिथे जायची, तेव्हा काचेच्या जमिनीवरून चालायला घाबरायची. वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत पोचावा म्हणून मजल्यांना जाड काच आहे. तिथे बसून मी पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे खंड चाळू लागले. एकंदर 45 खंड आहेत ते, इतिहासकार गो. स. सरदेसाईंनी संपादलेले.

सरदेसाई आमच्या बडोद्याचे, असं म्हणायला मला आवडतं. 1889 साली ते महाराज सयाजीराव गायकवाडांकडे नोकरीला आले. महाराजांना वाचून दाखवायचं, राजपुत्रांना इतिहास शिकवायचा, हे काम. शिकवण्यासाठी टिपणं काढता काढता त्यांची 'रियासत' ही इतिहासाची ग्रंथमाला उभी राहिली. 1925 मध्ये निवृत्त होऊन ते कामशेतला जाऊन राहिले, आणि पेशवे दफ्तराचं हे अवाढव्य काम त्यानंतरचं आहे, साठी ओलांडल्यावरचं. हे वाचलं त्या दिवशी मी ग्रंथालयातून चालत घरी आले. रिक्षा करावीशी वाटली नाही. मी सरदेसाई नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे. पण दुसऱ्याला वाचून दाखवण्याच्या नोकरीतूनही माणसाला आयुष्याचं काम सापडतं, ही गोष्ट तेव्हा मला हवी होती.

आणि ज्यांना ते वाचून दाखवायचे त्या महाराजांचं तरी काय? कवळाण्याचे गोपाळराव 1875 साली दत्तक येऊन गादीवर बसले, तेव्हा बारा वर्षांचे होते आणि त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्याच माणसानं 1893 मध्ये अमरेलीला आणि 1906 मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. 1910 मध्ये विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून गावोगावी ग्रंथालयं उभी केली. जिथे ग्रंथालय नाही तिथे लाकडी पेट्यांतून पुस्तकं जायची. मला राहून राहून वाटतं, अक्षर न लागण्याचं दुःख त्यांनी भोगलेलं होतं.

गुरुजींनी आणखी एक नेम लावून दिला. रोज एक पान मोडीत लिहायचं. काहीही लिहा, पण लिहा. मी रात्री जेवणं झाल्यावर लिहायला बसे. सुरुवातीला भाजीचे भाव लिहिले, पाऊस लिहिला. मग लक्षात आलं की हे घरात कोणालाच वाचता येणार नाही. यांनी एकदा डोकावून पाहिलं आणि "छान वळण आहे" म्हणून गेले. त्या रात्रीपासून मी खरं लिहायला लागले. मुलाच्या दहावीच्या वर्षी मी बदलीवर होते, ते लिहिलं. वरच्या जागेसाठी मला डावललं तेव्हा घरी येऊन काहीच बोलले नाही, ते लिहिलं. शेवटची पंधरा वर्षं कर्जाच्या टार्गेटमागे धावण्यात गेली, त्यातल्या एकाही कर्जदाराचा चेहरा आठवत नाही, तेही. एक वाक्य मी पुन्हा पुन्हा लिहीत असे: 'सारा जन्म दुसऱ्यांच्या सह्या तपासण्यात गेला.'

महिन्याभरानं मागची पानं काढली तर माझंच लिखाण मला लागेना. अर्धं अंदाजानं वाचत होते. आणि एका जागी थबकले. लिहिताना माझ्या मनात काय होतं ते मला आठवत होतं, पण त्या दिवशी मन उदास होतं म्हणून मी ते जास्त कडवट वाचत होते. तोडायला जागा नसलेल्या ओळीत माझा मूडच जागा पाडत होता. तेव्हा ते नुसतं लक्षात आलं. त्याचा पुरता अर्थ कळायला काशी यावी लागली.

तोपर्यंत गुरुजींच्या बाहेरच्या खोलीत रविवारी आम्ही पाच-सहा जण जमायला लागलो होतो. युनिव्हर्सिटीत म्युझिऑलॉजी, म्हणजे संग्रहालयशास्त्र, शिकणारा एक मुलगा, एक शाळेतल्या बाई, एक निवृत्त तलाठी. लोकांना कळलं तसे ते कागद घेऊन येऊ लागले. बडोद्यात कुणाच्या ना कुणाच्या माळ्यावर मोडी आहेच. मराठी घरांतून आहे तशी गुजराती घरांतूनही आहे, कारण गायकवाडी कारभारातल्या सनदा, पावत्या, दाखले मोडीत निघत. लोक मोठ्या आशेनं येतात. बहुतेकांना वाटतं जमीन निघेल. निघते बैलांची पावती, नाहीतर लग्नाचा खर्च. आम्ही सुरुवातीलाच सांगतो, कोर्टाच्या कामासाठी आम्ही वाचत नाही, घरासाठी वाचतो.

एक दिवस एक बहीण-भाऊ आले, त्यांच्या पणजोबांच्या खर्चाची वही घेऊन. गुरुजींना बरं नव्हतं, बाकीचे यायचे होते. मी वाचायला घेतलं. हात बसला होता, वाचन सरसर चालू होतं, आणि खरं सांगते, त्याचा मला अभिमानही वाटत होता. दूध, तेल, न्हावी, आणि दर महिन्याला एक ओळ: काशीस रुपये चार. दर महिन्याला, सलग सहा वर्षं. मी विचारलं, "तुमच्या पणजीचं नाव काय?" वेगळंच होतं. घरात काशी नावाची कोणी नव्हती. मी बोलले काहीच नाही, पण माझ्या प्रश्नातच सगळं होतं. ती बहीण गप्प झाली. भावानं वही मिटली. जाताना ते नमस्कार करून गेले, पण चेहरे मला आजही दिसतात. शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या एका माणसावर मी पाच मिनिटांत डाग ठेवला होता.

वहीचे फोटो काढून ठेवलेले होते. पुढच्या रविवारी तलाठीभाऊंनी ते पुन्हा पहिल्यापासून वाचले. मी जे टाकून पुढे गेले होते ते किरकोळ खर्चही वाचले. दोन ठिकाणी त्यांना 'हुंडी' सापडली, म्हणजे परगावी पैसे पाठवायची चिठ्ठी. चार रुपये हुंडीनं जात होते. गावात राहणाऱ्या बाईला कोणी हुंडी पाठवतं का? पुढे एका पानावर 'आत्याबाईंचें पत्र आलें' अशी नोंद, आणि त्याच तारखेला तेच रुपये. विधवा आत्या काशीला जाऊन राहिली होती. क्षेत्र काशी. भाचा दरमहा तिच्या पोटापाण्याचे चार रुपये पाठवत होता. आणि सातव्या वर्षी ओळ थांबली, त्या महिन्यात तेराव्याचा खर्च.

'काशीस.' बाई म्हणा, गाव म्हणा, कागदात काही फरक नाही. तो मी केला.

त्याच दिवशी संध्याकाळी मी त्या बहिणीच्या घरी गेले. वाडी भागात राहतात त्या. सगळं सांगितलं, माफी मागितली. त्या रडल्या. म्हणाल्या, "आमच्याकडे त्या आत्यांचं नावसुद्धा कुणाला माहीत नाही हो." मग चहा केला, हिरवा चिवडा पुढे ठेवला, आणि मी निघताना म्हणाल्या, "वही पुढच्या रविवारी परत आणते. सगळी वाचा."

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे. कुठलाही कागद दोघांनी वेगवेगळा वाचायचा. एकानं काय वाचलं ते दुसऱ्याला सांगायचं नाही. दोन्ही लिप्यंतरं ताडून पाहायची, जुळली नाहीत तर तिसऱ्याकडे द्यायची, आणि मगच घरच्यांना सांगायचं. काम दुप्पट होतं. पण एकटीनं वाचलं की मी मला हवं ते वाचते, हे मी शिकले आहे, आणि फार लाज वाटून शिकले आहे.

मग पटेलकाका आले. पादरा तालुक्यातले, सत्तरीचे. प्लॅस्टिकच्या पिशवीत एक सनद. त्यांनी माझ्याकडे दोन-तीनदा पाहिलं आणि म्हणाले, "बेन, तमे तो अमारां बँकवाळां बेन!" माझी पहिली शाखा त्यांच्या गावातली होती. मला ते आठवत नव्हते. त्यांना मी पक्की आठवत होते. त्यांचा भाऊ आफ्रिकेला होता, तो आईला पत्र पाठवायचा. आईला वाचता येत नव्हतं. त्या वेळी काका स्वतः दुसरीकडे कामाला होते. आई पत्र पदराला बांधून बँकेत यायची, आणि दुपारी काउंटर बंद झाल्यावर मी तिला ते वाचून दाखवायची. गुजराती मला शाळेपासून येतं. काका म्हणाले, मरेपर्यंत आई सांगायची, बँकवाळी बेन पत्र दोनदा वाचायची. एकदा भरभर, एकदा सावकाश.

मी खुर्चीत बसूनच राहिले. मला आठवलं. हिरवं लुगडं, पदराची गाठ. आणि ती एकटी नव्हती. विधवा पेन्शनच्या स्लिपा मी भरून द्यायची, दुधाचे पैसे किती जमा झाले ते पासबुकातून वाचून सांगायची, मनिऑर्डरीचे फॉर्म, सोसायटीच्या नोटिसा. चार-पाच वर्षं रोज. ह्यातलं एक अक्षर माझ्या वहीत आलं नव्हतं. दोन महिने रोज रात्री इतक्या प्रामाणिकपणे लिहीत होते आणि मी तो भागच टाकून पुढे गेले होते. वहीतल्या किरकोळ खर्चासारखा.

त्या रात्री मी लिहिलं नाही. जुनी पानं काढून बसले. 'दुसऱ्यांच्या सह्या तपासण्यात' या ओळीपाशी आले आणि समासात आजच्या तारखेनं लिहिलं: 'पटेलकाकांचें वाचन निराळें. ताडून पाहणें.'

आता माझं उत्तर मला माहीत आहे. कमाटीबागेत कोणी विचारलं, काय करता, तर सांगते, वाचून देते. ज्यांना लागत नाही त्यांना. आधी काउंटरवरून देत होते, मध्ये बरीच वर्षं सुटलं, आता रविवारी देते. आठवड्यात दोन दिवस लिप्यंतराला जातात, एक दिवस ग्रंथालयात. शाळेतल्या बाईंनी मुलांसाठी उन्हाळी वर्ग काढायचं मनावर घेतलं आहे, त्याचे धडे मी लिहिते आहे.

मामांच्या माळ्यावरचा माझ्या पणजोबांचा रुमाल निम्मा वाचून झाला. त्यात मोठं काही नाही. ते गायकवाडीत कारकून होते, हिशेब चोख. शके 1821 च्या, म्हणजे 1899-1900 सालच्या छप्पनियाच्या दुष्काळातल्या वहीत रुपयाला मिळणारे ज्वारीचे शेर महिन्यागणिक कमी होत जातात आणि त्यांचं अक्षर बारीक होत जातं, बहुधा कागद पुरवायला. आणि एक पत्राचा खर्डा आहे. मामेभावंडांना अजून सांगितलेला नाही, कारण दुसऱ्यानं वाचायचा आहे. 'येथील कुशल जाणोन स्वकीय कुशल लेखन करीत जाणें. विशेष' आणि तिथे थांबला आहे. खाली सबंध पानभर शिरोरेघा आखून ठेवलेल्या आहेत, रिकाम्या. कोणाला लिहीत होते, काय लिहायचं होतं, का थांबले. मी तो कागद म्युझिऑलॉजीच्या मुलाकडे दिला. तो मला मावशी म्हणतो. म्हणाला, "मावशी, ह्याच्यावर वाळू आहे." शाई टिपायला टाकायचे ती. घडीत अजून कण चमकत होते. म्हणजे पत्र अर्धवट सोडतानाही त्यांनी ते नीट वाळवून ठेवलं होतं.

तुमच्याकडे असे कागद असतील तर आणा. फक्त एवढं करा: सेलोटेप लावू नका, लॅमिनेट करू नका, चिकटलेल्या घड्या जोरानं उघडू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत न ठेवता स्वच्छ सुती कापडात गुंडाळून आणा. आणि नुसता हिशेब आहे म्हणून मागे ठेवू नका, सगळा रुमाल आणा. रविवारी दहाला आम्ही बसतो. गुरुजींची तब्येत आता बरी आहे.